कुंदाताईंचा पुढे आलेला हात

कुंदाताई शिर्के यांच्यावर अन्याय झाला. २००७ सालच्या ओबोनच्या सुट्टीत, कॅम्पच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जपानमधल्या चिबाच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या पोलिस चौकीत झाला. त्या वेळी त्यांच्या अंगावरचे कपडे ओले होते, पायात चप्पल नव्हती आणि चौकीतला एसी जोरात चालू होता. कोणी आवाज चढवला नाही. कोणी कोणाला हात लावला नाही. बाहेरून काचेतून बघणाऱ्याला वाटलं असतं, चार सभ्य माणसं बसून गार चहा पितायत.

असल्या अन्यायाची पत्रकं निघत नाहीत. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, मला माहीत आहे. मार असेल तर वळ दाखवता येतो. इथे दाखवायला काही नाही. म्हणून आधी कुंदाताई कशा होत्या ते सांगते. मग काय हिरावलं गेलं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

कुंदाताई पुण्याच्या. लग्नाआधीपासून तिथल्या एका तलावावर सकाळची बायकांची पोहण्याची बॅच घ्यायच्या. खांदे असे रुंद की ब्लाउज शिवणारा शिंपी दर वेळी स्वतःच्याच मापावर अविश्वास दाखवून पुन्हा टेप लावायचा, असं त्याच सांगायच्या. लिफ्टची वाट बघताना लोक मोबाईल बघतात, कुंदाताई हात मागे फिरवायच्या, आधी डावा, मग उजवा, पाण्यात पाठीवर पडल्यासारखा. हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीतल्या जपानी आज्या दचकून दोन पावलं मागे सरायच्या. त्यांना कुंदाताई वाकून नमस्कार करायच्या आणि पुन्हा हात फिरवायला लागायच्या.

गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी. दोन्ही एकत्र. तलावावरची जुनी, काळ्या दोरीतली शिट्टी त्यांनी जपानला येताना सामानात नाही टाकली, गळ्यात घालूनच विमानात बसल्या. लेक रेवा खाली खेळत असली की सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून एकदाच वाजवायच्या. रेवा थांबायचीच, पण मैदानातली झाडून सगळी जपानी पोरंही जागच्या जागी थांबायची. पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये सूचना लागली. शिट्टीचं चित्र, त्यावर लाल फुली, खाली नम्र विनंती. शिर्केसाहेबांना फार लाज वाटली. त्यानंतर कुंदाताई शिट्टी नुसती तोंडात धरून त्यातून श्वास सोडायच्या, आतला मणी हलणार नाही इतका हलका. भांडी घासताना, भाजी चिरताना. जवळ उभं राहिलं तर बारीक वारा वाहिल्यासारखं ऐकू यायचं.

माणूस भेटला की तो पाण्यात कसा वागेल हे त्या ठरवून टाकायच्या. "ही तरंगेल." "हा पहिल्या मिनिटाला बुडेल, पण ओरडणार नाही, भिडस्त आहे." माझ्याबद्दल म्हणाल्या, "तू पाण्याशी भांडशील, पोरी. पाण्याशी भांडून कोणी पलीकडे गेलेलं नाही." मी म्हटलं, "आणि शिर्केसाहेब?"

त्यांनी जरा विचार केला. "हे बुडायचे नाहीत. पोहायचेही नाहीत. काठ धरून उभे राहतील आणि दुसऱ्यांना सूचना देतील."

हे त्यांनी साहेबांसमोरही सांगितलं होतं. साहेब हसले होते. ते हसायचे. शिर्केसाहेब दारू पीत नव्हते, ओरडत नव्हते, दर रविवारी रेवाला सायकल शिकवायला नदीकाठी न्यायचे. कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते, जपानी उत्तम बोलायचे, ऑफिसातले लोक त्यांना शिर्के-सान म्हणायचे आणि हळूहळू आमच्या इमारतीतल्या बायकाही तसंच म्हणायला लागल्या. हे लिहू का असं मी कुंदाताईंना फोनवर विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही. पण यांचा राक्षस करू नकोस. राक्षस असते तर मी केव्हाच निघाले असते."

नाही करत. फक्त त्यांच्या पाउचबद्दल सांगते.

आपल्याकडे घराच्या कागदांची पिशवी कर्त्या पुरुषाकडे असते. रेशनकार्ड, सातबारा, जन्माचे दाखले, सगळं एका पिशवीत आणि पिशवी त्याच्या कपाटात. कोणी याला जुलूम म्हणत नाही, व्यवस्थितपणा म्हणतात. शिर्केसाहेबांची पिशवी म्हणजे एक तपकिरी चामड्याचा पाउच. शर्टाच्या आत, गळ्यात. त्यात घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट आणि सगळ्यांची परदेशी नोंदणीची कार्डं. ज्याला आम्ही सगळे गायजीन कार्ड म्हणायचो, ते. त्यावर फोटो असायचा, पत्ता असायचा, आणि तुम्ही या देशात कोणाच्या आधाराने राहता ते लिहिलेलं असायचं. तिथला कायदा साधा होता. मोठ्या परदेशी माणसाने कार्ड कायम जवळ बाळगायचं. घरी नाही, नवऱ्याजवळ नाही, स्वतःजवळ. भाजी आणायला गेलात तरी.

म्हणजे शिर्केसाहेब सकाळी ऑफिसला निघाले की कुंदाताई घराबाहेर पडल्या रे पडल्या बेकायदा व्हायच्या. कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध आणायला बेकायदा. कचरा टाकायला बेकायदा, आणि कचरा तर त्यांनी इतका चोख वेगळा केलेला असायचा की शेजारची आजी आपल्या बाटल्यांची झाकणं त्यांना विचारून काढायची.

"मागून घ्या की," मी म्हणायचे.

"मागितलं. म्हणाले, हरवशील. मी म्हटलं, शिट्टी हरवली का कधी? तर म्हणाले, शिट्टी हरवली तर कोणी देशाबाहेर घालवत नाही."

मी तेव्हा कोतोमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचे आणि शनिवार-रविवारी डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांसाठी मराठीतून माहितीची पत्रकं काढायचे. कार्ड स्वतःजवळ ठेवा, हे माझं पहिलंच पत्रक. कुंदाताईंनी ते फ्रिजवर चिकटवलं होतं. शिर्केसाहेबांनी वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि पाउच शर्टाच्या आत सरकवला.

एका हिवाळ्यात मी कुंदाताईंना वॉर्डाच्या तलावावर घेऊन गेले. छताखालचा, गरम पाण्याचा. तिथे टोपी सक्तीची आणि अंगावर दागिना चालत नाही. मी घाबरत घाबरत सांगितलं. कुंदाताईंनी मंगळसूत्र काढून माझ्या पर्समध्ये टाकलं, जसं कोणी रुमाल टाकतं, आणि शिट्टीकडे बोट दाखवून विचारलं, "हिचं काय?" शिट्टीही काढावी लागली. तिला मात्र त्यांनी माझ्या हातात देताना मूठ बंद करून दिली.

मग त्या पाण्यात उतरल्या. मला पोहण्यातलं काही कळत नाही. एवढंच सांगते की आवाज आला नाही. बाकीचे पाणी उडवत होते, ह्या नुसत्या जात होत्या. जरा वेळाने तिथल्या माणसाने शिट्टी वाजवली, सगळ्यांनी बाहेर येऊन विश्रांती घ्यायची, असा तिथला नियम आहे. कुंदाताई काठावर बसून ओले पाय हलवत म्हणाल्या, "बघ, इथे शिट्टी चालते."

तिथे मोरी-सान नावाच्या बाई म्हाताऱ्या बायकांना पाण्यातले व्यायाम शिकवायच्या. स्वतः सत्तरीच्या पुढच्या. त्या येऊन कुंदाताईंसमोर ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, यांना विचार, माझा वर्ग घेतील का. माझे खांदे आता दुखतात. आठवड्यातून दोनदा, सकाळी. रीतसर आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी म्हणून, पगारावर.

परत येताना सायकली हातात धरून आम्ही चालत आलो, कारण कुंदाताईंना बोलायचं होतं. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यांना काय शिकवायचं, ते त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. "आधी श्वास सोडायचा. घ्यायला कोणी शिकवावं लागत नाही गं, घाबरलेलं माणूस घेतच असतं, घेतच असतं. छाती भरून जाते आणि बुडतं. सोडायला शिकवावं लागतं."

डिपेंडंट व्हिसावर काम करायचं तर परवानगी काढावी लागते. अर्ज मी आणून दिला. सोबत पासपोर्ट आणि कार्ड घेऊन स्वतः जायचं होतं, एवढंच. कुंदाताईंनी रात्रीच्या जेवणाला विषय काढला. शिर्केसाहेब म्हणाले, "बघू."

मराठी घरात 'नाही' म्हणावं लागत नाही. 'बघू' पुरतं. हिवाळा गेला, साकुरा फुलून गळून गेला, मोरी-सान मला तलावावर भेटल्या की खांदा चोळत विचारायच्या आणि मी सांगायचे, बघतायत. उन्हाळा आला. अर्ज फ्रिजवर माझ्या पत्रकाशेजारी, टोमॅटोच्या आकाराच्या चुंबकाखाली.

मग ओबोन आला. ओबोन म्हणजे जपानी लोकांचा पितृपक्ष. पितर घरी येतात, ऑफिसं ओस पडतात, आणि आमच्या इमारतीतली मराठी कुटुंबं दर वर्षी गाड्या भाड्याने घेऊन चिबाच्या समुद्राकडे कॅम्पिंगला निघतात.

त्या कॅम्पचं वर्णन करायलाच हवं. नजर पोचेल तिथवर कापलेलं हिरवं गवत आणि त्यावर दोऱ्या लावून आखलेले चौकोन. प्रत्येक चौकोनाला खांब, खांबावर आकडा. आपल्या चौकोनाबाहेर खुर्ची ठेवायची नाही, दोरी ओलांडून शेजाऱ्याकडे जायचं नाही, मधल्या वाटेने वळसा घालून जायचं. गवताच्या पलीकडे पाइनच्या झाडांची दाट रांग, तिच्या पलीकडे समुद्र. ऐकू यायचा, दिसायचा नाही. संध्याकाळी खांबावरच्या भोंग्यातून एक संथ धून वाजायची, म्हणजे मुलांनी घरी जायचं. आम्ही सगळे गवतावर बसून ती ऐकायचो. घर चार पावलांवर, कुठे जाणार?

पुरुष तंबूत झोपायचे, बायका-पोरं कॅरावॅनमध्ये. या कॅरावॅनना चाकं होती, पण चाकं जमिनीला टेकलेली नव्हती. गाडी विटांवर चढवून ठेवलेली. दाराला पायऱ्या बांधलेल्या, खाली हायड्रेंजियाच्या कुंड्या. कुंदाताईंनी आल्या आल्या चाकाला हात लावून ते फिरवलं. हवेत छान फिरलं. "अरे वा," त्या म्हणाल्या, "हिलाही डिपेंडंट व्हिसा."

आत एक शेगडी, एवढंसं सिंक आणि तळहाताएवढी उघडणारी खिडकी. त्यात आम्ही पाच बायका. कॅम्पिंग म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. पुरुषांनी बाहेर कोळशाला पुठ्ठ्याने वारा घालायचा आणि बायकांनी घरच्यापेक्षा छोट्या ओट्यावर घरच्याएवढाच स्वयंपाक करायचा. पोळ्यांचं पीठ घरून मळून आणलेलं. लोणच्याची बरणी टॉवेलात गुंडाळून आणलेली. दुपारी सगळे मिळून समुद्रावर गेलो ते घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो काढायला. कुंदाताई गुडघ्यापर्यंत गेल्या, तेव्हा शिर्केसाहेबांनी हाक मारली आणि त्या परत आल्या.

संध्याकाळी कुकर झाल्यावर त्यांनी सगळ्या बायकांना बाहेर काढलं. गवतावर प्लास्टिकची चटई घातली. भाताचं मोठं पातेलं घासून त्यात पाणी भरलं.

"नीलम, ये. तोंड घाल पातेल्यात."

नीलम आमच्यातली सगळ्यात नवी. लग्न होऊन थेट नारिता विमानतळावर उतरलेली. "अहो ताई, केस ओले होतील."

"केस वाळतात. घाल. आता नाकातून सोड, हळू. बुडबुडे यायला हवेत. नवऱ्यावर चिडल्यावर सोडतेस तसा नाही, झोप लागताना सोडतेस तसा."

नीलम बुडबुडे काढत हसली, पाणी नाकात गेलं, खोकत वर आली. "परत," कुंदाताई म्हणाल्या. एकेकीने तोंड घातलं. मीही घातलं. मग चटईवर पालथं झोपून पाय मारायला लावले. चार मराठी बायका गवतावर पालथ्या, पंजाबी ड्रेसमध्ये पाय मारतायत आणि कुंदाताई मधून फिरत गुडघे वाकले की टपली मारतायत. शेजारच्या चौकोनातलं जपानी कुटुंब अतिशय शिष्टाचाराने दुसरीकडे बघत होतं. रेवा लांबून जपानीत म्हणाली, "आई, नको ना, लाज वाटते."

शिर्केसाहेब हातात पुठ्ठा घेऊन आले. "कुंदा, काय चाललंय? लोक बघतायत."

"लोक शिकतायत," कुंदाताई म्हणाल्या. आणि त्याच सुरात पुढे, "अहो, मी उद्या सकाळी समुद्रात जाते. जरा पोहून येते. माझं कार्ड देऊन ठेवा."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चटईवर पडलेल्या सगळ्याजणींनी ऐकलं. पुढे जे सांगितलं गेलं, ते ऐकताना हे वाक्य लक्षात ठेवा.

"उद्या सगळेच जाऊ ना. नाश्ता झाल्यावर."

"सगळे फोटो काढायला जाल. मला पोहायचंय. कार्ड?"

"माझ्याकडे आहे ना. सुरक्षित आहे."

कॅम्पचा व्यवस्थापक, कायम पांढरे हातमोजे घालणारा म्हातारा, दोरी तपासत तिथून चालला होता. मी त्याला सकाळी पोहायला ठीक आहे का, विचारलं. तो गंभीर झाला. ओबोनात समुद्रात उतरू नये म्हणाला. या दिवसांत मेलेली माणसं पाण्यातून पाय ओढतात. शिवाय जेलीफिश येतात.

मी सांगितल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "आपले पितर भाद्रपदात येतात. आत्तापासून मला कोण ओढतंय?"

सकाळी पोळ्यांच्या परातीला हात लागायच्या आधी त्या गेल्या. अंगावर टी-शर्ट आणि लेगिंग्ज, गळ्यात शिट्टी. मंगळसूत्र सिंकच्या नळाला अडकवून ठेवलं होतं. ते बघून नीलम मला म्हणाली, "ताई गेल्या वाटतं," आणि आम्ही दोघी हसलो.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याने पाहिलं, की एक परदेशी बाई, कपड्यांसकट, एकटी, ओबोनात, समुद्रात सरळ आत चाललीय आणि मागे वळून बघत नाहीये. त्यांना वाटलं, जीव द्यायला निघालीय. त्यांनी पोलिसांना फोन केला. त्यांचं काही चुकलं नाही, चांगली माणसं होती. पोलिस सायकलवरून आला तेव्हा कुंदाताई हसत बाहेर येत होत्या. त्याने विचारलं, ठीक आहात ना. त्यांनी हातवारे करून सांगितलं, एकदम ठीक. मग त्याने कार्ड मागितलं.

व्यवस्थापक शिर्केसाहेबांच्या तंबूशी येऊन कमरेत वाकून निरोप देऊन गेला. साहेब मला म्हणाले, "चल तू पण. एक बाई बरोबर असलेली बरी."

चौकी म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. टेबल, नकाशा, भिंतीवर हरवलेल्या म्हाताऱ्याचा फोटो. कुंदाताई खुर्चीत ताठ बसलेल्या, खांद्यावर पोलिसाने दिलेला टॉवेल, केसांतून पाणी ठिबकतंय, समोर बार्लीचा गार चहा. चेहरा असा उजळलेला की मी दारातच थांबले.

"पोरी," त्या मला म्हणाल्या, "समुद्र उचलून धरतो गं. तलावात असं नाही होत. काहीच करावं लागत नाही."

मग माझ्या मागून शिर्केसाहेब आत आले. त्यांनी पोलिसासमोर वाकून माफी मागितली. वरची दोन बटणं सोडली, पाउच काढला, चेन ओढली. पोलिस तरुण होता. त्याने कार्ड घेतलं, फोटो पाहिला, कुंदाताईंकडे पाहिलं. मग साहेबांना विचारलं, हे यांच्याजवळ का नव्हतं?

शिर्केसाहेब म्हणाले, "वासुरेमाशिता."

विसरली.

कुंदाताईंना जपानी फार येत नव्हतं, पण हा शब्द येत होता. रेवा शाळेत छत्री विसरून आली की दारात उभी राहून हेच म्हणायची.

मी म्हटलं, "साहेब, विसरल्या नाहीत त्या. काल संध्याकाळी मागितलं त्यांनी. आम्ही सगळ्या होतो."

"तू मध्ये बोलू नकोस," ते मराठीत, अगदी शांतपणे म्हणाले. "घरचा प्रश्न आहे." आणि पोलिसाकडे वळून जपानीत, तितक्याच शांतपणे, "तिला इथलं जरा झेपत नाही."

मी पोलिसाला जपानीत सांगायला लागले. माझं जपानी कामापुरतं, पण एवढं सांगायला पुरलं असतं. तेवढ्यात कुंदाताईंनी माझं मनगट धरलं. पाण्यामुळे हात गार पडला होता. "बस," त्या म्हणाल्या. "यांचा व्हिसा आहे म्हणून आम्ही इथे आहोत. रेवाची शाळा आहे. भांडू नकोस पाण्याशी."

पोलिसाने थेट त्यांना विचारलं, तुम्ही विसरलात का?

कुंदाताईंनी एक मोठा श्वास घेतला. मी वाट बघत होते, की सोडतील. त्यांनी तो आत ठेवला आणि म्हणाल्या, "हाय."

हो.

मग माफीचा कागद झाला. साहेबांनी सुंदर अक्षरात जपानीत लिहिला, मी माझं कार्ड विसरले, पुन्हा असं होणार नाही, आणि कुंदाताईंनी खाली मराठीत सही केली. पोलिसाने त्यांना समजावलं, पुढच्या वेळी हे नेहमी स्वतःजवळ ठेवा हं. त्या मान हलवत राहिल्या. आणि मग त्याने उभं राहून, जपानी पद्धतीने, दोन्ही हातांत धरून, ते कार्ड परत दिलं.

शिर्केसाहेबांना.

कुंदाताईंचा हात पुढे आला होता. टॉवेलातून बाहेर, तळवा वर. कार्ड त्याच्यावरून गेलं. पाउचची चेन लागली, पाउच शर्टाच्या आत गेला. पोलिसाने हे सगळं पाहिलं. आत्ताच जे सांगितलं, ते त्याच्या डोळ्यांदेखत मोडलं गेलं, आणि त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. नवऱ्याजवळ आहे म्हणजे तिच्याजवळच आहे. पुण्यात काय, चिबात काय. हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी त्या हाताने चहाचा ग्लास उचलला आणि सगळा चहा पिऊन टाकला.

अन्याय झाला तो इथे.

कॅम्प अजून दीड दिवस होता. कुंदाताई विटांवरच्या गाडीतून बाहेर आल्या नाहीत. तळहाताएवढ्या खिडकीशी बसून होत्या. पुरुष बाहेर हळू आवाजात बोलत होते. बायकांपैकी एकजण म्हणाली, "सांगून तरी जायचं ना, ताई." कुंदाताई म्हणाल्या, "हो ना," आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पातेलं परत भाताला लागलं.

त्या संध्याकाळी नीलम कोळशापाशी गेली आणि सगळ्या पुरुषांसमोर नवऱ्याला म्हणाली, "माझं कार्ड द्या." तो हसला. "आता तूही पळणार का?" नीलम हसली नाही. त्याने खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून कार्ड काढलं आणि दिलं. झालं. कोळसा विझला नाही, मका करपला नाही. खिडकीतून कुंदाताई बघत होत्या. नीलम आत आल्यावर त्यांनी ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, फोटोवर पीठ लागलं ते ओढणीने पुसलं आणि परत दिलं. "तू तरंगशील," म्हणाल्या.

साहेबांनी मग फार बघितलं नाही, लगेच ठरवलं. कुंदा आणि रेवाने पुण्याला जावं. इथे तिला झेपत नाही. चौकीत जे वाक्य वेळ मारून न्यायला बोलले होते, ते आता कारण झालं. ऑफिसात, इमारतीत, फोनवर सासरी, सगळीकडे तेच. ज्या शाळेसाठी त्या "हाय" म्हणाल्या, ती शाळाही सुटली. मोरी-सानला मी सांगितलं, तेव्हा त्यांनी खांदा चोळला. मग आपली जुनी निळी टोपी कुंदाताईंसाठी माझ्याजवळ दिली.

नारिताला मी गेले होते. रेवा बापाच्या कमरेला मिठी मारून जपानीत रडत होती. कुंदाताईंचे केस घट्ट बांधलेले, गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी. सुरक्षा तपासणीच्या दाराशी शिर्केसाहेबांनी वरची दोन बटणं सोडली. साहेब तिथून पुढे जाऊ शकत नव्हते, म्हणून पाउच उघडावाच लागला. दोघींचे पासपोर्ट, दोघींची कार्डं त्यांनी कुंदाताईंच्या हातात दिली. देश कायमचा सोडताना कार्ड आतल्या काउंटरवर परत करायचं असतं.

"आत गेल्यावर हे जमा करायचंय," साहेब म्हणाले. "विसरू नकोस."

कुंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कार्ड माझ्यासमोर धरलं.

"फोटो बघ गं, किती चांगला आलाय. इतक्या वर्षांत कोणी दाखवलाच नाही."

रांग पुढे सरकली. त्यांनी पासपोर्ट पर्समध्ये टाकले, कार्ड नाही टाकलं. मुठीत धरलं, तलावावर मला शिट्टी देताना धरली होती तशी. दाराच्या काचेआड त्यांची पाठ दिसत होती, ते रुंद खांदे, आणि शरीराला चिकटून धरलेली उजवी मूठ. काउंटरपर्यंत जेवढी रांग होती, तेवढा वेळ ते कार्ड त्यांचं होतं. मग रांग वळली आणि त्या दिसेनाशा झाल्या.

हे तुम्ही हिगाशी-कसाईत वाचत असाल, इचिकावात, कोतोत, किंवा पुण्या-मुंबईत, कुठेही. पिशवी प्रत्येक घरात असते. तिच्यात तुमच्या बायकोचं, आईचं, सुनेचं काय काय ठेवलंय, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिच्यावर प्रेम करता, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि तुमचा हेतू मी विचारलेलाही नाही. हे पान खाली ठेवा. उठा. पिशवी उघडा. जे तिच्या नावाचं आहे ते बाहेर काढा आणि तिच्या हातात द्या. बघू म्हणू नका.